सकाळी सहाला लग्न, मग अख्खा दिवस

"लग्न झालं सकाळीच, आता दिवसभर काय करायचं ते ठरवतोय," ती म्हणाली, अंगात पांढरा ड्रेस आणि पायात चिखलाने भरलेले ट्रेकिंग शूज.

अमेरिकेतल्या एस्टेस पार्क या डोंगरातल्या गावी, कॅफेत शेजारच्या टेबलावर दोघंच. स्प्रेग लेकपाशी उजाडताना लग्न लावलं, कोलोरॅडोत भटजी काय, साक्षीदारही लागत नाहीत, लग्नाच्या लायसन्सवर आपणच सही करायची.

मी म्हटलं ट्रेल रिज रोड या घाटरस्त्याने वर जा, १२,१८३ फुटांपर्यंत गाडी जाते, पण दुपारच्या आत उतरा, नंतर विजा कडाडतात, मग मस्त झोपा आणि संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल करा.

"झोपा" ऐकून दोघांचे चेहरे कसले उजळले!

आमच्या लग्नात आम्ही तासन् तास स्टेजवर शेजारी उभे होतो, बोललो फक्त "पाणी हवंय का?" एवढंच. तुम्ही त्या दिवशी एकमेकांशी काय बोललात, आठवतंय?