तुम्ही विचारलंत म्हणून: बार उडायच्या आधीच हात का हलतो?

पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर नवीन आलेलं कॉलेजचं पोरगं असो की पन्नाशीत हौस फेडायला आलेले डॉक्टर, थोडे दिवस गेले की प्रश्न एकच येतो. “काका, नेम तर बरोबर धरतोय. मग शॉट खाली डावीकडंच का जातोय? साइट हलवू काय?”

नको, साइटला, म्हणजे नेम धरायच्या पिस्तुलावरच्या खुणेला, हात लावू नका. ट्रिगर सुटायच्या निमिषभर आधी तुमचं मनगट खाली जातंय, मूठ आवळतेय, खांदा पुढं येतोय. आणि हे तुम्हाला दिसत नाही, कारण नेमका त्याच वेळी डोळाही मिटतोय. टार्गेटवर सात लागला की तुम्हाला वाटतं, आपण तर मधल्या दहावर होतो. होतात, पण पाव सेकंद आधी.

२०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकहून ब्राँझ आणलं, तेव्हापासून विचारणारे वाढलेत. त्याचा खेळ रायफलचा. रायफल खांद्याला टेकते, गालाला टेकते, दोन्ही हातांत असते. स्पर्धेचं पिस्तूल मात्र लांब केलेल्या एका हाताच्या टोकाला असतं, आधार कशाचाच नाही. त्यामुळं ट्रिगरवरची चूक पिस्तुलात जरासुद्धा झाकली जात नाही.

माझं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलं, म्हणून मला आधी मिलिमीटर सुचतात. एअर पिस्तुलाच्या, म्हणजे हवेच्या दाबानं चालणाऱ्या पिस्तुलाच्या, पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३२० मिलिमीटर अंतर धरा. टार्गेट १० मीटरवर. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर खाली गेली, तर पेलेट, म्हणजे छर्रा, टार्गेटवर ३१ मिलिमीटर खाली लागतं. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे दहाचा सात झाला. आता दुसरी बाजू बघा. दोन्ही साइट एकमेकींशी जुळलेल्या आहेत आणि अख्खा हातच १ मिलिमीटर सरकला, तर पेलेटही १ मिलिमीटरच सरकतं. दहा दहाच राहतो. नवीन माणूस मात्र हात हलतोय म्हणून जीव टाकतो आणि मनगटाकडं बघतही नाही.

दचकण्याबद्दल लोकांचा समज असा की आवाज होतो म्हणून आपण दचकतो आणि म्हणून शॉट जातो. वेळेचा हिशोब लावला तर हे जुळत नाही. मोठा आवाज कानावर पडल्यावर पापणी मिटायला सुरुवात व्हायलाच तीसएक मिलिसेकंद जातात. पॉइंट बावीसची, म्हणजे दारूच्या पिस्तुलाची, गोळी तोवर नळीबाहेर केव्हाच गेलेली असते. बार झाल्यावर तुम्ही दचकलात, तर दचका की! त्या शॉटचं काही बिघडत नाही. बिघडवतं ते बाराच्या आधीचं दचकणं. ते आवाजानं होत नाही. ‘आत्ता होणार’ हे शरीराला कळल्यानं होतं. म्हणून “भीती कशी घालवू?” असं कुणी विचारलं की मी सांगतो, भीती राहू द्या, बार नेमका कधी उडणार ते शरीराला कळू देऊ नका. पुढचा सगळा सराव एवढ्यासाठीच आहे.

तरी कानाचं आधी सांगून टाकतो. पॉइंट बावीस मारताना कानात बोळे घाला आणि वर इअरमफ चढवा, दोन्ही. पत्र्याखालच्या रेंजमध्ये शेजारच्या लेनचा बारही छातीत बसतो. मिरवणुकीत साउंड सिस्टिमच्या भिंतीपुढं उघड्या कानांनी नाचणारी आमची पोरं इअरमफ घालायला लाजतात, आणि मग तक्रार करतात की हात हलतोय.

दचकणं ओळखायचं कसं? डमीनं, म्हणजे न उडणाऱ्या खोट्या गोळीनं. पाच गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये कोचनं तुमच्या नकळत एक-दोन डमी घालायच्या. कितवी डमी ते तुम्हाला माहीत नसतं. तालमीत वाढलेला एक पोरगा आमच्याकडं येतो, मनगट माझ्या दंडाएवढं. आपण दचकतो हे त्याला मान्यच नव्हतं. दोन बार उडाले, तिसऱ्याला नुसतं ‘टिक्’ झालं. गोळी नाही, धक्का नाही, आणि तरी नळीनं जमिनीकडं असं डोकं घातलं की मागं उभे असलेले सगळे हसले.

“काका, ह्यानं हिसका दिला की वो!”

“बार उडालाच नाही रे. हिसका दिला कुणी?”

त्यानं पिस्तुलाकडं बघितलं, मग स्वतःच्या मुठीकडं. नंतर काही बोलला नाही. मॅगझिन कोचकडं दिलं आणि म्हणाला, परत भरा.

हा प्रयोग कोच शेजारी असतानाच करायचा. ‘टिक्’ झालं की ती डमीच असेल असं धरू नका. गोळी उशिरा पेटू शकते. नळी टार्गेटकडंच ठेवायची, थांबायचं, आणि पुढचं कोच सांगेल तसं. मित्राला बाजूनं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये मनगटाचं चित्रीकरण करायला सांगितलंत तर आणखी बरं. डमीनंतरही “मी हललो नाही” म्हणणारे भेटतात, व्हिडिओपुढं मात्र कुणाचं चालत नाही.

त्या पोराची खरी अडचण पकडीत होती. तालमीत पकड म्हणजे सगळी बोटं एकदम. पिस्तुलात चार बोटांनी एक काम करायचं आणि तर्जनीनं दुसरं, आणि दोघांनी एकमेकांना विचारायचं नाही. आत्ता बसल्या जागी करून बघा. डाव्या हाताची दोन बोटं उजव्या मुठीत पिस्तुलाच्या मुठीसारखी धरा आणि उजवी तर्जनी झटकन वाकवा. बाकीची बोटंही आवळली गेलेली डाव्या हाताला कळतील. आता तीच तर्जनी अगदी सावकाश वाकवा. आवळणं जवळजवळ नाहीसं होतं. उजव्या हाताच्या माणसाचे शॉट खाली डावीकडं जमतात, त्यामागं बहुतेक वेळा हेच आवळणं असतं. म्हणून पकडीचा जोर हात उचलायच्या आधी ठरवायचा आणि शॉट गेल्यानंतरही तोच ठेवायचा. जोर किती, यापेक्षा तो मधे बदलत नाही ना, ते बघा.

तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला गुबगुबीत भाग ट्रिगरवर हवा. बोट बाजूनं पिस्तुलाच्या मुठीला घासता कामा नये, मधे फट दिसली पाहिजे, आणि दाब सरळ मागं यायला हवा. एअर पिस्तुलाचा ट्रिगर नियमानं कमीत कमी ५०० ग्रॅमचा असतो, म्हणजे गोकुळच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीएवढा भार. त्यातला बराचसा पहिल्या टप्प्यावरच घेता येतो. पुढं बोटाला एक भिंत लागल्यासारखी वाटते आणि तिथून थोडासाच भार उरतो. नवशिके या भिंतीशी येऊन थांबतात. साइट डुलत असते, ते वाट बघतात. साइट दहाखाली आली रे आली की ‘आत्ता!’ म्हणून ओढतात.

एअर पिस्तुलाला ना मोठा आवाज, ना धक्का. तरीही झटका बसतो, आणि तो याच ‘आत्ता!’चा असतो. तिथं भीतीचा संबंध नाही, हाव आहे. दहा दिसला की हातचा जाऊ नये, ही हाव. माझ्या मते हावेचं दुखणं भीतीपेक्षा चिवट आहे. भीती सवयीनं ओसरते. हाव स्कोअर सुधारेल तशी वाढते. नवीन पोराला आठ लागला तरी आनंद असतो. पाच दहा ओळीनं लागलेल्याचा सहावा शॉट बघा.

यावर उपाय सांगायला सोपा आहे. हात डुलणारच, ते कबूल करायचं. काळ्या गोलाच्या खाली साइट एका छोट्या पट्ट्यात डुलते, त्या पट्ट्यात ती आली की दाब सुरू करायचा आणि थांबवायचा नाही. नजर पुढच्या साइटवर. टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल, किंबहुना धूसरच दिसायला हवं. दाब वाढत राहतो आणि त्यात कुठंतरी शॉट सुटतो. नेमका कुठं, ते तुम्हालाही आधी कळत नाही. शरीराला वेळच ठाऊक नाही, मग ते आधी दचकणार कसं? पाच ते आठ सेकंदांत सुटला तर ठीक. नाही सुटला तर हात खाली घ्या. ६० शॉटना ७५ मिनिटं असतात, घाई कसली? पण हात खाली घ्यायला लोकांच्या जिवावर येतं. उचललाय तर मारूनच टाकू, असं वाटतं, आणि सगळ्यात वाईट शॉट तिथंच जातो. मला विचाराल तर शॉट न मारता हात खाली घेणं हाच ट्रिगरवरच्या ताब्याचा अर्धा अभ्यास आहे.

हे अंगवळणी पडतं ते ड्राय सरावानं. स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत पेलेट आणि हवा न दवडता नुसता ट्रिगर मारायची सोय असते. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा, घरच्यांना सांगून मोकळ्या भिंतीसमोर उभे राहा. भिंतीवर टार्गेट लावू नका. टार्गेट नाही म्हणजे दहा नाही, आणि दहा नाही तर हाव कशाची? पुढची साइट बघायची, दाबायचं, ‘टिक्’ झाल्यावरही दोनेक सेकंद तसंच बघत राहायचं. ‘टिक्’च्या क्षणी साइट खाचेत हलली का, एवढंच तपासायचं. जमायला लागलं की मग टार्गेट लावा. पॉइंट बावीसचं काम मात्र रेंजवरच. लायसन्सची गोष्ट आहे, शिवाय बावीसच्या रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन आपटत राहिली तर पिनचं आणि चेंबरच्या कडेचं नुकसान होऊ शकतं. तिथंही डमीच वापरा.

यावर हुशार पोरं लगेच विचारतात, “पण पंचवीस मीटर पिस्तुलाच्या रॅपिड फेरीत एका शॉटला तीनच सेकंद असतात. तिथं सावकाश कसं दाबायचं?” प्रश्न रास्त आहे. तिथं ट्रिगर १००० ग्रॅमचा, हात ४५ अंशांत खाली, हिरवा दिवा लागला की उचलायचं आणि तीन सेकंदांत एक शॉट. पण तीन सेकंद कमी पडतात ते दाब वर पोहोचल्यावर सुरू करणाऱ्याला. जाणकार हात वर येतानाच पहिला टप्पा घेतात आणि साइट थांबते न थांबते तोच उरलेला दाब चालू असतो. वेग वाढतो, पण टप्पे तेच राहतात आणि झटका कुठंच येत नाही. आपल्या राही सरनोबतनं २०१८ मध्ये इंडोनेशियात पालेम्बांगला आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात. थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या शूट-ऑफला निकाल लागला. तेवढ्या ताणात, तीन-तीन सेकंदांत ते बोट कसं चाललं असेल, याचा विचार मला फायनलच्या निकालापेक्षा जास्त गुंतवून ठेवतो.

व्हॉट्सॲपवर एक गोल तक्ता फिरतो: शॉट इकडं गेला तर ही चूक, तिकडं गेला तर ती. तो उजव्या हाताच्या माणसासाठी असतो, हे डावखुऱ्यांना कुणी सांगत नाही. आणि तो दोन-चार शॉटना लावायचा नसतो. दहा-दहाच्या काही सीरीज एकाच बाजूला जमल्या, तर त्याला विचारा.

पुढचा हमखास प्रश्न, किती दिवसांत जाईल? पूर्ण जात नाही. सराव सुटला की परत येतं, मॅचच्या पहिल्या सीरीजला येतं, दमल्यावर तर नक्की येतं. म्हणून सरावात झटके सुरू झालेले दिसले की “आज हे मोडूनच काढतो” म्हणत पेलेट संपवत बसू नका. तेवढे झटके तुम्ही पक्के करत असता. थांबा, थोडं ड्राय मारा आणि घरी जा.

पोलीस खात्यातल्या दोघा-तिघांनी नऊ एमएम पिस्तुलाबद्दलही विचारलंय. तिथं दोन हात असतात, ट्रिगर बराच जड असतो आणि धक्का खरोखरचा असतो, त्यामुळं आधीच रेटा देण्याची सवय आणखी लवकर लागते. पकड आणि उभं राहणं तुमचे प्रशिक्षक शिकवतील, त्यात मी बोलणार नाही. पण डमी मिसळायचा प्रयोग तिथंही तितकाच चालतो. वर्षाच्या सरावाला जाल तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि मॅगझिन दुसऱ्याच्या हातानं भरून घ्या.