फर्ग्युसनचा गणिताचा तास

२ जानेवारी २०२५ ला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला एकशे चाळीस वर्षं झाली. आमच्या बॅचच्या ग्रुपवर सकाळपासून फॉरवर्डचा पाऊस. मुख्य इमारतीचे फोटो, मागच्या टेकडीचे फोटो आणि नावांची ती ठरलेली यादी: दोन माजी पंतप्रधान, सावरकर, झालंच तर चार-दोन नट. यादीला माझी हरकत नाही. पण मी गणितवाली. इथेच बी.एस्सी. केलं आणि आता आठवी-नववीच्या पोरांना बीजगणित शिकवते. त्यामुळे मला या कॉलेजचा इतिहास गणिताच्या तासातूनच आठवतो, आणि खरं सांगू, तो तसाच जास्त रंगतो.

सुरुवातीच्या गणित शिकवणाऱ्यांत स्वतः टिळक. 'केसरी'वाले टिळक सगळ्यांना ठाऊक असतात, वर्गावर जाणारे टिळक मात्र भाषणांत चटकन उरकले जातात. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत हे कॉलेज. पाटीवर नाव मुंबईच्या गव्हर्नरचं. त्यांनी बाराशे रुपये देणगी दिली होती. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, संस्कृत कोशवाले. शिकवणारे होते ते आजीव सदस्य. म्हणजे ठरावीक, तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं संस्थेला बांधून घेतलेली माणसं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना ७५ रुपयांवर जवळपास वीस वर्षं काढली, ती याच रीतीने.

आणि मग १८९०. वर्धापनदिनाच्या भाषणांत या सालावरून सगळे पाय न वाजवता पुढे सरकतात. आजीव सदस्यांनी आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची कामं आणि बाहेरची मिळकत नको, असा टिळकांचा आग्रह. बाकीच्यांना तो झेपेना, काहींना पटेना. त्यात गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं, म्हणजे पुण्यातल्या राजकीय संस्थेचं, चिटणीसपद घेतलं आणि ठिणगी पडली. टिळकांनी लांबलचक पत्र लिहून राजीनामा दिला. संस्थापकांपैकी सगळ्यात वजनदार माणूस निघून गेला, तेव्हा कॉलेज जेमतेम सहा वर्षांचं होतं. माझ्या मते साजरं करायचंच असेल तर १८९१ करा. कारण त्या वर्षी कॉलेज उघडं राहिलं आणि गणिताचे तासही झाले.

ते घेतले कोणी? धोंडो केशव कर्व्यांनी. गोखल्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजमधल्या आपल्या या जुन्या सोबत्याला मुंबईहून बोलावून घेतलं. टिळकांच्या जागी आलेल्या या शांत माणसाने दोनच वर्षांत, १८९३ मध्ये, विधवेशी लग्न केलं आणि गावाकडचा बहिष्कार ओढवून घेतला. त्या वेळी प्राचार्य कोण, तर विधवाविवाहाचा कैवार घेणारे सुधारक आगरकर! हा योग कुणी नाटकात लिहिला असता तर मी नाक मुरडलं असतं. पुढे विधवांसाठी हिंगण्याचा आश्रम काढूनही कर्वे १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत राहिले.

कर्व्यांच्याच नात्यातले रघुनाथ परांजपे इथे शिकून केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. तसं होणारे ते पहिले भारतीय. परत आले ते आजीव सदस्य म्हणून, आणि १९०२ पासून प्राचार्य. सावरकरांना परदेशी कापडाच्या होळीबद्दल १९०५ मध्ये दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं, तेही रँग्लरसाहेबांच्याच अमदानीत. फॉरवर्डमध्ये दोघांचीही नावं एकाखाली एक गुण्यागोविंदाने नांदतात.

याच रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस १९२७ मध्ये इथेच शिकलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना मिळालं. आमच्या ग्रुपवरच्या यादीत हे नाव नव्हतं, म्हणून मी घातलं. 'हे कोण?' असं लगेच तिघांनी विचारलं. कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे आणि फावल्या वेळात आकड्यांशी खेळायचे. १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली.

त्यांचा खेळ माझ्या वर्गात हमखास चालतो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. आपण कॉलेजचंच साल घेऊ, १८८५. ८८५१ वजा १५८८, आले ७२६३. मग ७६३२ वजा २३६७, म्हणजे ५२६५. पुढे ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. तिथे पोचलात की कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च येणार. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. पोरं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग आपापल्या जन्मसालावर तुटून पडतात, आणि कुणाची तरी वजाबाकी चुकून भलताच आकडा येतो, तेव्हा खरा तास सुरू होतो.

ग्रुपवर आता दीडशेव्या वर्षाच्या बेतांची चर्चा सुरू झाली आहे. टी-शर्टचा रंग कोणता, इथपर्यंत गाडी आली आहे. मी आपलं २०३५ घालून पाहिलं. शून्य धरून लावायचं बरं का, ५३२० वजा ०२३५. पुढचं तुम्ही करा. पुऱ्या सात पायऱ्या लागतात.