समुद्राकडे पाठ करून बसलेलं हॉटेल

आमच्या चाळीसगावकडे कुणी 'जरा हॉटेलात जाऊन येतो' म्हणाला, तर त्याने अंगावरचा बनियनसुद्धा बदललेला नसतो. हॉटेल म्हणजे भट्टी, तिच्यावर सकाळपासून उकळणारा चहा, काचेच्या कपाटात कालच्या जिलबीशेजारी आजची भजी आणि एक पाय आखूड असलेलं बाकडं. मुक्काम करायचा असेल तर लॉज. आणि लॉजवर उतरणं म्हणजे गावात आपलं कुणी नाही असं जाहीर करणं. सोयरे ते वर्षभर विसरत नाहीत.

त्यामुळे मी पाचवीत असताना माझे चुलते नाना मला मुंबई दाखवायला निघाले आणि यादीत राणीच्या बागेनंतर 'ताजमहाल हॉटेल' म्हणाले, तेव्हा आजीने एकच गोष्ट विचारली : "तठे चहा कितलाले भेटस?"

नानांना ते माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बाहेरूनच पाहायचं असतं ते," ते म्हणाले.

बाहेरूनच पाहिलं. रात्रभर गाडीत अवघडलेली पाठ गेटवेजवळच्या कठड्याला टेकवून आम्ही शिदोरी सोडली. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. कांदा नानांनी कठड्यावरच बुक्की मारून फोडला. एक पाकळी उडून थेट पाण्यात गेली. अरबी समुद्राशी माझा पहिला व्यवहार तो. पुढ्यात तो लाल घुमट, त्याच्या दोन्ही अंगांना खिडक्यांच्या रांगा, आणि दारात आमच्या तहसीलदारापेक्षा रुबाबदार दिसणारा दरवान. नानांनी घास गिळला आणि गोष्ट सांगितली.

हे हॉटेल म्हणे उलटं बांधलं गेलं. नकाशा विलायतेतून आला, इथल्या लोकांनी तो फिरवून धरला आणि तोंड समुद्राकडे यायचं ते गावाकडे झालं. नकाशावाला साहेब बोटीतून उतरला, त्याने ते पाहिलं आणि वर चढून थेट खाली उडी टाकली. मी घुमटाकडे पाहिलं, मग खालच्या फरशीकडे. हातातला घास तसाच राहिला.

ही गोष्ट मी पुढे तीसेक वर्षं बिनदिक्कत सांगत आलो. मुलांना सांगितली, वऱ्हाडाच्या गाडीत सांगितली, एकदा तर मुंबईच्याच माणसाला सांगितली आणि तो म्हणाला, मलाही वडिलांनी हेच सांगितलंय. मग कधीतरी वाचायला बसलो आणि नानांचा साहेब हवेत विरून गेला. नकाशा विलायतेचा नव्हताच. सुरुवातीचे वास्तुरचनाकार होते सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. (खंडेराव हे नाव वाचताच 'हे आपल्याकडले तर नव्हेत?' असं मनात आलंच. खान्देशी माणसाची ही खोड जात नाही.) काम चालू असतानाच वैद्य वारले. उडी वगैरे काही नाही. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं.

आणि दार गावाकडे होतं ते जाणूनबुजून. माणसं घोडागाड्यांतून यायची ती शहराच्या बाजूने. मग दारही तिकडेच हवं. समुद्राची बाजू राहिली खोल्यांना. पुढे मुख्य दार समुद्राकडे आलं आणि जुन्या दाराच्या जागी पोहण्याचा तलाव झाला. मला यात चुकीचं काही दिसेना. आमच्या जुन्या घराचीही ओटी रस्त्याकडे आणि निंबाच्या सावलीची गार खोली मागच्या अंगाला होती. पाहुणा पुढून येतो, वारा मागून. त्यापायी कुणी आमच्या घराला उलटं म्हटलं नाही.

शिवाय तेव्हा समोर गेटवे कुठे होता? हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 रोजी, पहिल्या दिवशी पाहुणे अवघे 17. गेटवेची कोनशिला बसली त्यानंतर काही वर्षांनी आणि कमान पुरी व्हायला 1924 उजाडलं. म्हणजे वीसेक वर्षं बोटीतून येणाऱ्याला आधी दिसायचं ते हॉटेल. ज्या कठड्याशी बसून आम्ही त्याला नावं ठेवली, ती जागाच त्याच्या मागून सजलेली.

जमशेटजी टाटांनी हे का बांधलं याचीही एक दंतकथा आहे. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात त्यांना म्हणे हिंदी माणूस म्हणून आत घेतलं नाही, तेव्हा ते इरेला पेटले. अभ्यासक ती फारशी मानत नाहीत. मला तिच्यापेक्षा तारखा बोलक्या वाटतात. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून पळत सुटली, आणि तो जोर धरून असतानाच या माणसाने पाहुण्यांसाठी एवढी इमारत काढली. लिफ्ट जर्मनीच्या, पंखे अमेरिकेचे, स्नानगृहं तुर्की पद्धतीची. हौसेला मोल नसतं. पण हॉटेल उघडल्यावर सहा महिनेही ते जगले नाहीत, मे 1904 मध्ये गेले. पहिल्या महायुद्धात तिथे 600 खाटांचं इस्पितळ झालं. नोव्हेंबर 2008 मध्ये तोच घुमट धुरात वेढलेला आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. त्या रात्री नानांना फोन केला होता. ते "हं" म्हणाले आणि फोन ठेवला.

जमशेटजींची कापडगिरणी नागपूरला होती, एम्प्रेस मिल, 1877 सालची. नागपूरची गाडी तेव्हाही आमच्याच रुळांवरून जायची : चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. खिडकीबाहेर मैलोगणिक काळी जमीन आणि कापूस. मे महिन्यात हा माणूस भुसावळला डब्यात बसून घामाघूम झालाच असणार. अमेरिकन पंख्यांची कल्पना त्याला पॅरिसमध्ये सुचली असं कुणी म्हणालं तर म्हणो, माझी पैज भुसावळच्या फलाटावर आहे. पुरावा अर्थातच नाही. नानांचा पुतण्या आहे मी.

परवा कोपऱ्यावरच्या हॉटेलात अर्धा चहा घेत मी हे सगळं गल्ल्यावरच्या अण्णांना ऐकवलं. घुमट, लिफ्ट, 17 पाहुणे यांनी त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. सुरुवातीचे दर सांगितले तेव्हा मात्र त्यांनी सुट्टे मोजणं थांबवलं. पंखा आणि स्वतंत्र न्हाणी असलेली खोली 13 रुपये, जेवणासकट 20.

"म्हणजे जेवणाचे सात," अण्णा म्हणाले. "त्या काळात सात म्हणजे लई झाले. काय काय द्यायचे?"

ते काही मला सांगता आलं नाही.

"आणि पंखा तेरामध्येच?"

"तेरामध्येच."

अण्णांनी डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं. लाइट दुपारी बारालाच गेली होती, पाती स्तब्ध आणि त्यांच्यावर भज्यांच्या तेलाची काळी साय. "आपल्याकडे पंखा फुकट आहे," ते म्हणाले आणि पुन्हा सुट्टे मोजायला लागले.