स्टेमचा बोल्ट दोनदा तुटला, तो कसा काढला - माझा अनुभव

जुलैमध्ये सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत भर पावसात जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवसापासून सायकलच्या हँडलमधून आवाज यायला लागला. उभं राहून पॅडल मारलं की कटकट, खाली बसलं की बंद. मला वाटलं स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या पुढच्या तुकड्याचे, बोल्ट सैल झाले असतील, दहा मिनिटांचं काम आहे, घरीच करू, म्हणून रविवारी सकाळी गॅलरीत सायकल भिंतीला टेकवली आणि एलन कीचा (षटकोनी टोकाच्या वाकड्या चाव्यांचा) सेट काढला.

स्टेमच्या पुढच्या झाकणाला चार बोल्ट असतात, माझ्याकडे एम5 (5 मिलिमीटर जाडीचे) आहेत, 4 नंबरची की लागते. चारही खोलले, आट्यांना ग्रीस लावलं आणि परत बसवले. खोलताना चारही चांगले घट्ट होते, खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता की मग आवाज नक्की कशाचा येतोय, पण हात सुरू झाला होता. कीचा आखूड भाग बोल्टमध्ये आणि लांब दांडा मुठीत धरून आवळत गेलो. तिसऱ्या बोल्टला एक गोष्ट हाताला स्पष्ट जाणवली, आधी की जशी फिरेल तसा जोर वाढत होता, मग एकदम वाढायचाच थांबला, की नुसती मऊ मऊ फिरत राहिली, जणू काही बसतच नाहीये. म्हणून आणखी थोडं फिरवलं आणि टक्. बोल्टचं डोकं कीच्या टोकाला अडकून हातात आलं.

तो मऊपणा म्हणजे बोल्ट ताणला जात होता. बोल्ट हा एका अर्थी कडक स्प्रिंग आहे, आवळला की किंचित लांब होतो आणि त्या ताणामुळेच दोन भाग घट्ट धरून ठेवतो, पण एका मर्यादेपलीकडे गेला की कायमचा लांब होतो आणि मग तुटतो. त्यात आट्यांना ग्रीस असलं की घर्षण कमी, म्हणजे हाताचा जोर तेवढाच लावला तरी बोल्टवर ताण जास्त येतो. ग्रीस लावणं चूक नाही, लावायलाच पाहिजे, नाहीतर आपल्या पावसात ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट धरून बसतो. पण ग्रीस लावल्यावर हात हलका पाहिजे.

माझा हात हलका नाही कारण मी सायकल शिकलो बाबांच्या काळ्या डबलबारवर. तिच्या मागच्या चाकाचा नट 15 नंबरच्या पान्याने अंगात असेल तेवढा जोर लावून आवळायचा, बाबा वरून म्हणायचे "अजून एक आटा घे रे". त्या नटाला ते चालतं, त्याला 30-40 न्यूटन मीटर (आवळण्याचा जोर यात मोजतात) लागतातच. माझ्या स्टेमवर बारीक अक्षरात 5 एनएम, म्हणजे 5 न्यूटन मीटर, असं कोरलेलं आहे, दोन वर्षं रोज डोळ्यासमोर होतं आणि मी ते मॉडेलचं काहीतरी असेल असं समजत होतो.

पहिला तुकडा सहज निघाला. बोल्ट डोक्याखालीच तुटला होता, झाकण काढल्यावर जवळजवळ सेंटीमीटरभर दांडी बाहेर होती, पकडीने धरून उलटी फिरवली, निघाली. जवळच्या हार्डवेअरवाल्याकडून तेवढ्याच लांबीचा स्टेनलेसचा बोल्ट आणला, गंजणार नाही म्हणून उलट खुश होतो. बसवला, चक्कर मारली, आवाज तसाच. आणि मी परत तेच केलं, अजून आवळला. या वेळी तो आत आट्यात तुटला, भोकाच्या तोंडाशी सपाट, धरायला काहीच नाही.

माझ्याकडे स्क्रू एक्स्ट्रॅक्टरचा (तुटक्या बोल्टात भोक पाडून, त्यात अडकवून तो उलटा फिरवायच्या हत्याराचा) सेट होता, ड्रिल लावणारच होतो, पण सायकलिंगमधल्या एका मित्राने फोनवर थांबवलं आणि भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पाठवलं. तिथल्या काकांनी स्टेम उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "गंजून तुटला का आवळून?" म्हटलं काका आवळून. "मग हा अडकलेलाच नाहीये. डोकं गेलं तिथेच ताण गेला त्याचा, आता आत नुसता पडलाय." त्यांनी अणकुचीदार पंच घेतला, तुकड्याच्या कडेला तिरका टेकवला आणि छोट्या हातोडीने टिचक्या मारल्यासारखं उलट्या दिशेने ठोकत गेले. पाच-सहा ठोक्यांत तुकडा हलला, अर्धा आटा वर आला, पुढचं बोटाने. मी बघतच राहिलो. काका म्हणाले ड्रिल केलं असतंस तर मधोमध बसलं नसतं, स्टेनलेस घासला की अजून कडक होतो, आणि तो एक्स्ट्रॅक्टर आत तुटला असता तर साधं ड्रिल त्याला कापतच नाही, स्टेम फेकायचा. मग आट्यांमधून एम5चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवून दिला.

नवे चारही बोल्ट नाना पेठेतून 12.9 ग्रेडचे (जास्त मजबूत स्टीलचे) घेतले, डोक्यावर आकडा छापलेला असतो तो बघून. साधा स्टेनलेस ए2-70 असतो, तो साधारण 700 मेगापास्कल ताणाला तुटतो आणि 12.9 वाला 1200 ला, एवढा फरक आहे. पण 12.9 वाला गंज धरतो, म्हणून डोक्यावर ग्रीसचा हात फिरवायचा.

टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरावर आवळायचा पाना) येईपर्यंत बॅगा तोलायचा हुकवाला काटा वापरला. कीच्या दांड्यावर बोल्टच्या मध्यापासून 10 सेंटीमीटरवर हुक अडकवून काटकोनात ओढायचं, काटा 5 किलो दाखवतो तेव्हा साधारण 5 न्यूटन मीटर होतात. पहिल्यांदा केलं तेव्हा विश्वास बसेना की एवढंच पुरतं. चारही एकदम नाही आवळायचे, समोरासमोरचे तिरके धरून पाव-पाव फेरा, आणि झाकणाच्या वरची-खालची फट सारखी राहतेय ना ते बघत. बॉटल केजच्या बोल्टला तर 2-3 च पुरतात, तोही एम5च, आणि पॅडलला 35 च्या पुढे लागतात, तेव्हा एकच हात सगळीकडे चालवू नका प्लीज. आणि चारपैकी एक जरी तुटला तरी तीन बोल्टांवर घाट उतरायला जाऊ नका, हँडल हातात आलं तर करायला काहीच उरत नाही.

आवाजाचं म्हणाल तर झाकण काढलेलंच होतं म्हणून काकांनी हँडलवर बोट फिरवून दाखवलं, काळी बारीक रेती, पावसाच्या पाण्याबरोबर आत गेलेली. कपड्याने हँडल आणि स्टेम दोन्ही पुसले, 5 वर आवळलं. पुढच्या रविवारी बोपदेव घाट उभ्याने चढलो, हँडलमधून काही आवाज नाही.