पोराला ठाण्यात नेलंय? आधी शाळेचा दाखला शोधा

मुलाला पोलिसांनी नेल्याचं कळलं की घरचे आधी वकील गाठतात, मग ओळखीचा नगरसेवक. दाखल्याची आठवण शेवटी येते, आणि तोवर पोलिसांच्या कागदावर वय १९ वर्षं पडलेलं असतं.

बाल न्याय अधिनियम, २०१५ मधल्या कलम ९४ प्रमाणे वयासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. आधारकार्ड या यादीतच नाही. सोलापुरात अडचण अशी की शहराच्या पूर्वभागातल्या बऱ्याच घरांत शाळा मध्येच सुटलेली असते, तर कुणाचा जन्म इंडीचा किंवा आळंदचा, म्हणजे जन्मदाखला कर्नाटकातून आणायचा. अशा वेळी मूल ज्या शाळेत पहिलीला बसलं, तिथून जन्मतारखेचा दाखला मागा.  वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं; काल अठरा पूर्ण झाली म्हणून फरक पडत नाही.

१८ खालचा मुलगा कायद्याच्या भाषेत 'विधीसंघर्षग्रस्त बालक'. त्याला लगेच विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवायचं असतं. हा अधिकारी किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा असतो आणि मुलाशी बोलताना शक्यतो साध्या कपड्यांत असावा लागतो. लॉकअप नाही, बेडी नाही, जबाबावर सही घ्यायची नाही. मुलगी असेल तर महिला पोलीस हवीच. पालकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसर) कळवायचं. मूल घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असेल तर ते स्पष्ट सांगा; मराठीत 'हो हो' म्हणत गेलेल्या पोराच्या तोंडी काय काय घातलं जाईल, सांगता येत नाही.

२४ तासांत बाल न्याय मंडळापुढे (मुलांची प्रकरणं चालवणारं मंडळ) हजर करायचं, प्रवासाचा वेळ वगळून. करमाळ्याहून सोलापूरला आणताना ही सवलत कामी येते, शहरातल्या ठाण्याला तिचा आधार घेता येत नाही. मंडळाची बैठक नसली तर एकट्या सदस्यापुढेही हजर करता येतं, त्यामुळे 'आज सुट्टी आहे' ही सबब टिकत नाही.

सगळ्यात जास्त घोळ गुन्हा नोंदवण्यात होतो. एफआयआर फक्त किमान ७ वर्षं शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्यात, किंवा सोबत प्रौढ आरोपी असेल तर. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत मोबाईल चोरला, एवढंच असेल तर स्टेशन डायरीत नोंद, मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल, आणि दोन्ही मंडळाकडे. अशा प्रकरणात मुलाच्या हिताचं असल्याशिवाय ताब्यातही घ्यायचं नसतं. मुलावर चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड घेण्याची कारवाई, लावता येत नाही (कलम २२), तरी 'बॉण्ड लिहून दे' हा आग्रह ऐकू येतोच.

जामीन कलम १२ प्रमाणे, गुन्हा अजामीनपात्र असला तरी. नाकारायचा तर कारणं लिहावी लागतात: सराईत गुन्हेगारांची संगत, मुलाला धोका, किंवा न्यायाच्या उद्देशालाच बाधा. गुन्हा मोठा आहे, एवढं कारण पुरत नाही. अटी ७ दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत तर मुलाला पुन्हा मंडळापुढे नेऊन त्या बदलून घेता येतात. जामीनदार मिळेना म्हणून पोरगं निरीक्षणगृहात (प्रकरण चालू असताना मुलांना ठेवायची जागा) राहतं, ते बहुतेक हे कुणी मागितलेलं नसतं म्हणून.

आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो फिरत असेल तर तो आधी काढायला लावा. कलम ७४ खाली असा फोटो पसरवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.