बेट नसलेला बांबू: दक्षिण फ्रान्समधली बांबूझरे

बांबू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेट येतं. बुडाशी काठ्यांची घट्ट मोळी, वर चहूबाजूंनी झुकलेला पसारा, आणि आत शिरलात तर ओरखडे ठरलेले. फ्रान्समध्ये सेवेन डोंगरांच्या पायथ्याशी, आंद्यूझ गावाजवळच्या बांबूझरे या बागेत शिरले आणि पाच मिनिटांत थबकले ती यामुळेच. इथे बेटच नाही. हात-दोन हात अंतर सोडून एकेक कळक सरळसोट वर गेलेला, आणि मधून आरपार दिसतंय.

गोम जमिनीखाली आहे. आपल्याकडच्या बहुतेक जातींचे कंद आखूड असतात, ते जागच्या जागी गर्दी करतात. इथल्या पुष्कळशा जाती चीन-जपानकडच्या फायलोस्टॅकिस या गटातल्या. त्यांचे कंद आडवे धावत सुटतात आणि वाटेत कुठेकुठे कोंब वर काढतात. ओळखायची खूणही सोपी: फांद्या फुटल्या असतील त्या गाठीच्या वरच्या कांड्यावर बोट फिरवा, एका बाजूला उथळ पन्हळ लागते. एकदा ही खूण कळली की पाट्या वाचायची गरज उरत नाही, उगाच आपण तज्ज्ञ असल्यासारखं वाटायला लागतं.

मोसो जातीचे कळक वीस मीटरच्या आसपास जातात. मी गेले मेच्या सुरुवातीला, कोंबांच्या दिवसांत. तपकिरी, लवदार आवरणात गुंडाळलेला एक कोंब साडेदहाला वाटेच्या कडेला दिसला, छत्रीच्या मुठीएवढ्या उंचीचा. छत्री शेजारी उभी धरून खूण लक्षात ठेवली. तीनच्या सुमारास परत येऊन मापलं, तर गडी चांगला चार बोटं वर सरकलेला! कोंब जेवढा जाड निघतो तेवढाच जाड राहतो. दोनेक महिन्यांत पूर्ण उंची गाठली की वाढ संपली. म्हणूनच कळकावर कुणी नाव कोरलं की ती जखम भरून येत नाही. अशी नावं इथेही दिसली, चीड आली.

बाग 1856 साली यूजेन माझेल यांनी सुरू केली. गार्दों नदीचं पाणी कालव्याने आत आणलं, दूरदेशीची झाडं लावली आणि या नादापायी दिवाळं काढलं. 1902 मध्ये ती गास्तों नेग्र यांच्याकडे आली, लोकांसाठी 1953 मध्ये उघडली. माझेल यांच्या काळातले सेकोया हे महाकाय वृक्ष अजून उभे आहेत. त्यांच्या बुंध्यांशेजारी बांबूही किरकोळ वाटतो.

लाओसच्या धर्तीवरच्या बांबूच्या घरांपाशी फोटोंसाठी झुंबड असते, मी तिथून लवकर काढता पाय घेतला. तो वेळ ड्रॅगनच्या दरीत द्या. जपानी धाटणीची ही बाग 2000 सालची, बसायला निवांत.

पोहोचायचं कसं? पॅरिसहून वेगवान रेल्वेने नीम (झाड नव्हे, शहर), तिथून लोकल गाडीने आलेस नावाचं शहर आणि पुढे बसने आंद्यूझ. आंद्यूझहून वाफेच्या इंजिनाची पर्यटक गाडी सुटते आणि बागेच्या दाराशीच थांबते. स्टेशन सुटताच लांबलचक बोगदा लागतो. उघड्या डब्यात बसलात तर डोळे मिटून घ्या, मी कोळशाची कणी घेऊनच बाहेर पडले. ही गाडी मोसमातही रोज धावेलच असं नाही, त्यामुळे आधी तिचं वेळापत्रक पाहा आणि मग बसचं.

हिवाळ्यात बाग बंद असते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन रणरणतं, पण बांबूखाली गारवा मिळतो आणि डासही, तेव्हा अंगभर कपडे घाला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या डोंगरांत अचानक ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो आणि नद्या तासाभरात फुगतात. हवामान खात्याचा इशारा असेल तर बेत सरळ पुढे ढकला. कोंब पाहायचे असतील तर एप्रिल-मेच गाठा. निदान तीन तास हाताशी ठेवा.

मी ठेवले पाच, तरी त्या कोंबाच्या मोजमापात परतीची शेवटची गाडी हुकली. आंद्यूझ दोनेक किलोमीटरच आहे, पण मी चालले त्या रस्त्याला पायवाट नव्हती. गाडी आली की कडेच्या गवतात उतरून उभं राहायचं, हातात तीच छत्री.