दुकानातलं दुकानात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाईला माहेरी गेले की कोणी ना कोणी हमखास विचारतंच, "अख्ख्या गावाचं सुखदुःख तुमच्या दादांच्या खुर्चीत बसून जायचं. घरी सांगत असतील ना सगळं?"

नाही हो. एक अक्षर नाही.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांचं हजामतीचं दुकान लहानसं. दोन खुर्च्या, दोन आरसे, भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर. श्रावण वद्य द्वादशीला महाराजांची पुण्यतिथी, त्या दिवशी दुकान बंद. एरवी सोमवार सोडला तर सकाळी सातला फळ्या निघायच्या. कोपऱ्यातल्या खुंटीला आजोबांची धोकटी, म्हणजे हजामतीच्या सामानाची पिशवी, टांगलेली असे. आजोबा ती काखेत मारून आसपासच्या खेड्यांत फिरायचे, वर्षभर हजामती करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारीचं बलुतं आणायचे. दादांच्या काळात रोख पैसे आले, तरी धोकटी खुंटीवरच राहिली. दर दिवाळीला ते ती पुसून परत टांगायचे.

मान मागे टाकून, डोळे मिटून, गालाला साबण लागला की माणूस बोलायला लागतो. वाटणीची भांडणं, कर्ज, पोराचं नापास होणं, सगळं निघतं. दादा नुसतं "हं" म्हणायचे. ते "हं" ऐकायलाच माणसं येत असावीत, असं मला अजून वाटतं. ज्या पोराचं जावळ त्यांनी काढलं, त्याच पोराच्या लग्नाआधीची दाढी त्यांनी केली, आणि पुढे त्याचा बाप गेल्यावर कृष्णेच्या घाटावर दहाव्याला त्याच्या डोक्यावरचे केसही त्यांनीच उतरवले. एवढं ज्याच्या हाताखालून जातं, त्याला गावातलं काय ठाऊक नसणार?

रात्री घरी आले की मागच्या दारानं यायचे. सदरा अंगणात झटकायचे, आंघोळ करायचे, मगच आम्हा भावंडांना जवळ घ्यायचे. जेवणं झाली की आई दिव्याखाली त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन बसायची. कापलेल्या केसांचे बारीक तुकडे बोटांच्या बेचक्यात काट्यासारखे रुततात, आत राहिले तर पिकतात. आई चिमट्यानं एकेक काढायची आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवायची. मी शेजारी बसून मोजायचे. कधी पाच, कधी आठ. तेवढ्यात आई विचारायचीच, "आज काय विशेष?" दादा म्हणायचे, "दुकानातलं दुकानात झाडून आलोय."

सांगायचे ते वेगळंच. 1890 साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हावी एकत्र जमले आणि आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही, असं त्यांनी ठरवलं, ही गोष्ट दादांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल! सांगताना ताठ बसायचे. "हातात वस्तरा आहे म्हणून कुणाच्याही डोक्यावरनं फिरवायचा नसतो," म्हणायचे. मला दादांचा खरा अभिमान वाटायला लागला तो या गोष्टीपासून.

1989 मध्ये मला एक स्थळ आलं. मुलाचे वडील दादांच्या दुकानात वर्षानुवर्षं येणारे. मुलगा नोकरीला, पत्रिका जुळलेली, आई तर हरखून गेली होती. दादा म्हणाले, "नको." का, ते नाही. आई रडली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही, ताट वाढून समोर नुसतं सरकवायचे. आणि ते गृहस्थ मात्र तिसऱ्या दिवशी नेहमीसारखे दाढीला आले, दादांनी नेहमीसारखी केली. हे भावानं येऊन सांगितलं तेव्हा मला आणखीच राग आला.

पुढे माझं लग्न दुसरीकडे झालं, चांगलं झालं. पण ते "नको" मनात राहून गेलं.

2020 च्या मार्चमध्ये सगळ्यांसारखंच दादांचंही दुकान बंद झालं. 28 जूनला सलून उघडायला परवानगी मिळाली, ती केस कापण्यापुरती. दाढीला मनाई होती. दादांनी वस्तऱ्याला तेलाचं बोट लावलं, कागदात गुंडाळला आणि खणात ठेवला. तो त्यांच्या हातानं परत बाहेर निघाला नाही. पायांच्या शिरा आधीच फुगलेल्या, उभं राहणं होईना.

शेवटच्या आजारपणात त्यांची दाढी मीच करायचे. तुरटी कोमट पाण्यात बुडवून गालावरून फिरवायची, हे त्यांच्याकडूनच शिकलेलं. एकदा हनुवटीशी आल्यावर विचारलंच, "दादा, त्या स्थळाला नको का म्हणालात?" बराच वेळ डोळे मिटलेलेच होते. मग म्हणाले, "त्यांनी मला विश्वासानं सांगितलं होतं, पोरी." मी पुढची बाजू ओली केली.

दादा गेले. दहाव्याला घाटावर एवढी गर्दी झाली की भावाला पाण्यापर्यंत जायला वाट करून द्यावी लागली. ते गृहस्थ काठी टेकत आले होते. ऐंशीच्या पुढचे. सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ येऊन पायरीवर बसले. नदीकडे बघत म्हणाले, "दादांनी तुला कधी काही सांगितलं का गं, तेव्हाचं?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले.